प्रोजेक्टर बंद केल्यावर काय उरतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

'स्पष्टवक्ते' यांस,

सिडनीतल्या आदिवासी नाचावर आणि तिथल्या ऑपेरा हाउसवरच्या उजेडाच्या खेळावर मी गेल्या आठवड्यात लेख लिहिला. त्यावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा पुन्हा रागच आला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आपण लिहिलंत, "लेझर शो पाहून भारावून जायला काय लागतं? प्रोजेक्टर बंद केला की खाली उरतं काय?" शिवाय ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आदिवासींपेक्षा मी रंगांवरच जास्त लिहिलं, अठराव्या शतकातल्या बेनेलाँग या आदिवासी माणसाचं कुळ चुकवलं, आणि त्याच जमिनीवर कर्ज काढून घर घेतलेल्या बाईने आदिवासींशी 'समेट' या शब्दावर गहिवरावं हे "जरा गमतीचं" आहे.

आधी चूक कबूल करते. बेनेलाँग गडिगल नव्हे, वांगल कुळातला. ऑपेरा हाउस गडिगलांच्या जमिनीवर उभं आहे, त्या नादात लिहून गेले. पण हे सांगायला एक ओळ पुरली असती. "अभ्यास न करता लेखणी उचलणारे परदेशस्थ" हा आहेर कशासाठी? आपली ओळख नाही, पाळख नाही. माझ्या घरी येऊन चहा पिताना आपण हे वाक्य बोलला असतात का?

आता 'लेझर'. अहो, तिथे लेझर नाही! मी कुठेही तसं लिहिलेलं नाही. 'बडू गिली' म्हणजे गडिगल भाषेत पाणी आणि उजेड. २०१७ च्या जूनपासून अंधार पडला की ऑपेरा हाउसच्या पूर्वेकडच्या शिडांवर, म्हणजे शिडांसारख्या छपरांवर, आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या चित्रकारांची कामं हलू लागतात. सहा-सात मिनिटांचा खेळ, तिकीट नाही. पहिल्या वर्षीच्या पाच कलावंतांत मिनी प्वेर्ले होत्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातली ही बाई, कॅनव्हासवर रंग लावायला लागली तीच मुळी ऐंशीच्या घरात. आणि काय काढलं तिने? विधीच्या वेळी बायका एकमेकींच्या छातीवर, खांद्यांवर ज्या रेघा ओढतात, त्या. अंगावर रेघा ओढायच्या आणि मग नाचायचं. म्हणजे आपण ज्याला 'लाइट शो' म्हणता त्या रेघा मुळात नाचणाऱ्या बाईच्या घामाने ओघळलेल्या आहेत. अंगावरून कॅनव्हासवर आल्या, कॅनव्हासवरून शिडावर. प्रोजेक्टर बंद केल्यावर काय उरतं, विचारता ना? सुरुवातीला जे होतं ते उरतं.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगणं भाग आहे, कारण आपण मला दिव्यांनी दिपून जाणारी पाहुणी समजलेले दिसता. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तीन एकांकिकांची प्रकाशयोजना मी केली आहे. 'भरत'च्या विंगेत उभी राहून तापलेल्या स्पॉटवरचं जिलेटिन बदलताना भाजलेल्या बोटाचा डाग अजून आहे. त्यामुळे उजेड कुठे लपवतो आणि कुठे उघडं पाडतो, एवढं मला कळतं. त्या शिडांवर दहा लाखांहून जास्त टाइल्स आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या. शिवाय पृष्ठभाग गोल. सायक्लोरामावर, म्हणजे रंगमंचामागच्या पडद्यावर, स्लाइड मारण्याइतकं ते सोपं नाही.

आणि ती जागा कोणती? बंदरात शिरलेलं जमिनीचं टोक, मूळ नाव टुबोगुले. १७८९ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश गव्हर्नर फिलिपच्या हुकमाने बेनेलाँगला पकडून नेलं. त्याच वर्षी देवीच्या साथीने बंदराभोवतीची माणसं पटापट मेली होती. पुढच्या वर्षी फिलिपने त्याला याच टोकावर विटांची झोपडी बांधून दिली. आधी धरून न्यायचं, मग घर बांधून द्यायचं. १७९२ मध्ये तो इंग्लंडला गेला. बरोबर गेलेला येमेरावाने नावाचा सोबती तिथेच वारला, हा तीन वर्षांनी परत आला. त्या झोपडीच्या जागेवरचं शीड म्हणजे नुसता पडदा नव्हे. तिथे काय दाखवायचं यावर २०१८ मध्ये भांडणही झालं. घोड्यांच्या शर्यतीची जाहिरात त्या शिडांवर झळकली तेव्हा लोक हातात टॉर्च घेऊन जमले आणि शिडांवर उजेड मारत राहिले. त्यांनाही आपण विचारलं असतंत का, की प्रोजेक्टर बंद झाल्यावर काय उरतं म्हणून?

नाचाबद्दल तर आपण अवाक्षर काढलं नाही. बंगारा डान्स थिएटर ही आदिवासी नृत्यसंस्था १९८९ पासून काम करतं आहे. त्यांचं 'ओकर्स' (म्हणजे गेरू) पिवळ्या, काळ्या, लाल, पांढऱ्या रंगांवर उभं आहे, आणि गेरू मातीचाच. २०१७ मध्ये त्यांनी 'बेनेलाँग' केलं तेही त्याच ऑपेरा हाउसमध्ये, म्हणजे त्याच्याच टोकावर. २०२३ चं फ्रान्सिस रिंग्ज यांचं 'युल्डिया' एका पाणवठ्याबद्दल आहे. रेल्वे आली, इंजिनांसाठी पाणी उपसलं, माणसांना यलाटाला हलवलं, मग शेजारी मरालिंगात ब्रिटिशांनी अणुबाँब फोडून पाहिले. हे नर्तकांच्या पाठीत आणि तळपायांत दिसतं. दिसत नसेल तर माझ्याकडे उपाय नाही.

जमिनी गेलेल्यांबद्दल कमी लिहिलं, हा आक्षेप घटकाभर मान्य केला तरी माझा लेख नाचावर आणि उजेडावर होता. जमिनीच्या हक्काचा माबो खटला, आदिवासी घरांतून हिरावलेल्या मुलांचा १९९७ चा अहवाल, हे सगळं वाचायला उपलब्ध आहे, वाचावं.

घराचा विषय वैयक्तिक आहे. त्यावर मी बोलणार नाही. एवढंच सांगते की आदिवासींचं सल्लागार मंडळ घटनेत आणण्यावरच्या २०२३ च्या सार्वमतात मी 'हो' असं मत दिलं. देशात साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले, त्यात मी नव्हते. २६ जानेवारीला सकाळी बंदराकाठच्या बारंगारूला आदिवासींच्या धुराच्या विधीला उभी राहते आणि तिथून थेट मराठी मंडळाच्या झेंडावंदनाला जाते. एकाच तारखेला एकीकडे लोक १७८८ चं ब्रिटिशांचं आक्रमण आठवतात, दुसरीकडे आपण प्रजासत्ताकाचे पेढे वाटतो. गेली काही वर्षं हे करते आहे. हप्ते फेडायचे अजून अकरा वर्षं आहेत, हेही सांगून टाकते, म्हणजे आपल्याला पुन्हा गंमत वाटायला नको.

दुरुस्ती: लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'गडिगल'च्या जागी 'वांगल' केलं आहे. 'लेझर' हा शब्द लेखात नव्हताच, त्यामुळे तो काढता आला नाही.