लॉक फाइल आहे, मग टेस्ट कशाला?

"सगळ्या व्हर्जन लॉक करा आणि विसरून जा. अपस्ट्रीमच्या, म्हणजे आपण वापरतो त्या बाहेरच्या पॅकेजेसच्या, नव्या आवृत्त्यांवर टेस्ट चालवणं म्हणजे वेळेची नासाडी." डेव्हलपरांमध्ये हा सल्ला सतत फिरतो. लॉक करा हे बरोबर. विसरून जा, हे घातक.

आधी 'लॉक' म्हणजे काय ते बघू. प्रोजेक्टला लागणाऱ्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, ही लॉक फाइल. पण पायथनच्या कित्येक प्रोजेक्टांत थेट वापरलेल्या पॅकेजेसच्याच व्हर्जन नेमलेल्या असतात. वेब ॲप बनवायचं फ्लास्क २.२ लिहिलेलं असतं, पण ते ज्या पॅकेजवर उभं आहे त्या वर्कझॉइगचा उल्लेखही नसतो. फ्लास्कची स्वतःची अट एवढीच, की वर्कझॉइग २.२ किंवा पुढचं हवं. ३० सप्टेंबर २०२३ला वर्कझॉइग ३.० आलं. त्यात 'यूआरएल_कोट' हे फंक्शन काढून टाकलं होतं. कोडची एक ओळही न बदलता नव्याने बिल्ड केलेली ॲप्स सुरू होतानाच इम्पोर्ट एरर देऊन पडली. हे फंक्शन जाणार असल्याचा इशारा एप्रिलमध्ये आलेलं वर्कझॉइग २.३ देतच होतं. वॉर्निंगला एरर मानणारी एक टेस्ट असती, तर हाताशी पाच महिने होते!

"मायनर आवृत्ती (२.० नंतरचं २.१, अशी) काही मोडत नाही," हेही खरं नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये मार्कअपसेफ २.१ने 'सॉफ्ट_युनिकोड' हे फंक्शन काढलं आणि त्यावर अवलंबून असलेलं जुनं जिंजा पॅकेज वापरणारे अडकले.

समजा, अख्खं डिपेंडन्सी ट्री, म्हणजे पॅकेजेस आणि ती ज्यांवर उभी आहेत ती सगळी, लॉक आहे. तरी ते कधी उघडायचं, ते तुमच्या हातात नसतं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं आणि २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या दहाएक दिवसांत आल्या. वर्षानुवर्षं मागे राहिलेल्यांना मधले सगळे बदल त्याच धावपळीत पचवावे लागले.

नवं आलं की थेट प्रॉडक्शनवर टाका, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२२मध्ये जावास्क्रिप्टच्या 'कलर्स' पॅकेजमध्ये त्याच्याच लेखकाने मुद्दाम अनंत लूप घातला होता. म्हणून प्रॉडक्शन लॉकवरच राहू द्या. सोबत रोज रात्री दुसरा बिल्ड चालवा: लॉकशिवाय, ताज्या आवृत्त्यांवर, जमल्यास प्री-रिलीजवरही (अधिकृत आवृत्तीआधी चाचणीसाठी दिलेल्या), आणि प्रॉडक्शनचे पासवर्ड व सिक्रेट की यांच्यापासून दूर. तो पडला तरी कुणाचं मर्ज अडवू नका, पण त्याची नोंद एका नेमलेल्या माणसाकडे गेलीच पाहिजे. पायथनचं गणिती पॅकेज नम्पाय २.० जून २०२४मध्ये आलं, तेव्हा त्याचे नाइटली बिल्ड (रोजचे ताजे बिल्ड) आणि रिलीज कँडिडेट (जवळपास अंतिम आवृत्त्या) आधीपासून सगळ्यांना खुले होते; असा रात्रीचा बिल्ड असणाऱ्यांना आधीच तपासता आलं असतं.