लॉगच्या ओळी मोजल्याशिवाय लोड टेस्ट ‘पास’ कशी?

काल रात्री साडेअकरापर्यंत अंधेरीच्या कार्यालयात बसून मी जे पाहिले, त्याचा संताप आज सकाळी लोकलमध्ये लोंबकळतानाही उतरलेला नव्हता. आमच्या एचएप्रॉक्सीची, म्हणजे ग्राहकांच्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरांकडे वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी सोडून घेतलेली चाचणी) झाली आणि सेकंदाला किती रिक्वेस्ट पेलल्या, उत्तराला किती मिलिसेकंद लागले व एरर किती आल्या, एवढे तीन आकडे अहवालात लिहून मंडळी मोकळी झाली. लॉगचे, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टमागे फाइलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या नोंदीचे काय, असे मी विचारले, तर ‘येतोय ना लॉग, मग झाले’ हे उत्तर मिळाले.

येतोय म्हणजे किती येतोय? मी स्वतः २० लाख रिक्वेस्ट सोडल्या आणि नंतर फाइलमधल्या ओळी मोजल्या, तर त्या १७ लाखसुद्धा भरल्या नाहीत. आमचा प्रॉक्सी प्रत्येक नोंद यूडीपी या नेटवर्कवरच्या पद्धतीने आरसिसलॉगकडे, म्हणजे नोंदी फाइलमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवतो आणि पोचपावतीची वाट पाहत नाही. लॉगपायी ग्राहकाला ताटकळत ठेवायचे नसेल, तर ते योग्यच आहे. परंतु पलीकडे आरसिसलॉग डिस्कवर लिहिण्यात अडकला, की सॉकेटचा बफर (आलेल्या नोंदी तात्पुरत्या थांबण्याची जागा), जो लिनक्सवर सहसा जेमतेम २,१२,९९२ बाइटांचा असतो, बघता बघता भरतो आणि त्यानंतर येणाऱ्या नोंदी लिनक्सचा गाभा असलेला कर्नल सरळ टाकून देतो. प्रॉक्सीला याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या टर्मिनलवर मी नेटवर्कचे आकडे दाखवणारी ‘नेटस्टॅट’ ही कमांड पुन्हा पुन्हा चालवत होतो. ‘रिसीव्ह बफर एरर्स’चा, म्हणजे बफर भरल्यामुळे टाकून दिलेल्या नोंदींचा, आकडा रिक्षाच्या मीटरसारखा चढत होता आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर सगळे हिरवे दिसत होते.

ही गळती ऐन गर्दीतच होते आणि तक्रारीही त्याच वेळच्या येतात. पैसे कापले गेले पण व्यवहार दिसत नाही, असे ग्राहक सांगतो, तेव्हा मला नेमकी ती एक ओळ हवी असते आणि ती सापडली नाही, की जाब मलाच विचारला जातो. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. जे लिहिलेच गेले नाही, ते जपणार कसे?

बफर वाढवणे आणि आरसिसलॉगची रांग नीट बांधणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मी अहवालात सोडलेल्या रिक्वेस्ट आणि लिहिल्या गेलेल्या ओळी असा चौथा रकाना भरून रात्रीच पाठवला. सकाळी तो ‘नॉन-क्रिटिकल’ असा शेरा घेऊन परत आला.