‘डिस्क वाढवल्या आणि वेग गेला’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी स्वतः वाचला आणि त्या आठवड्याच्या सर्व नोंदी तपासून मगच हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे असे की, ऐन लग्नसराईत शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी दुपारपर्यंत आपल्या स्टुडिओच्या ग्राहकांना आमच्या साठवणसेवेवरील अल्बममधला एकेक फोटो उघडायला पंधरा-वीस सेकंद लागत होते. दोन मोठे व्हिडिओ चढवताना मध्येच तुटले. कोणतीही पूर्वसूचना मिळाली नाही. विचारले तेव्हा आमच्या मदत विभागाने ‘डिस्क वाढवल्या आहेत, रिबॅलन्सिंग चालू आहे, ते थांबवता येत नाही’ एवढेच सांगितले (रिबॅलन्सिंग म्हणजे जुन्या-नव्या डिस्कवर डेटाची फेरवाटणी). आणि डिस्क वाढल्यावर वेग घटतो, त्या अर्थी आम्ही जुना माल लावून आपला डेटा धोक्यात घातला असावा. यांतील शेवटची शंका सोडली, तर आपले प्रत्येक म्हणणे खरे आहे. ‘थांबवता येत नाही’ हे आमचे उत्तर तर साफ चुकीचे होते.

डेटाबद्दल आधी लिहितो, कारण आपल्याला खरी काळजी त्याचीच वाटली असणार. आमची साठवण ‘सेफ’ या मुक्त-स्रोत संगणकप्रणालीवर चालते आणि आपल्या प्रत्येक फोटोच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. सेफ दोन अवस्था वेगळ्या दाखवते. ‘डिग्रेडेड’ म्हणजे एखादी प्रत कमी पडली आहे. ‘मिसप्लेस्ड’ म्हणजे तिन्ही प्रती शाबूत आहेत, फक्त नव्या हिशेबाने त्यांची जागा दुसरी ठरली आहे. त्या तीन दिवसांत मी पडद्यावर पाहत होतो तेव्हा मिसप्लेस्डचा आकडा 20 टक्क्यांच्या आसपास सुरू होऊन हळूहळू उतरत होता आणि डिग्रेडेडचा आकडा शून्य होता. नव्या जागी प्रत पूर्ण तयार झाल्याशिवाय जुन्या जागेवरची काढली जात नाही. डिस्कही कोऱ्या होत्या. शिंगल्ड पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवणाऱ्या) डिस्क स्वस्त मिळतात, परंतु सतत लेखनाचा भार आला की त्यांचा वेग कोसळतो, म्हणून आम्ही त्या घेतच नाही.

मग वेग का घटला? सेफमध्ये कोणता फोटो कुठे आहे याची मोठी वही ठेवलेली नसते. ‘क्रश’ नावाच्या गणिताने प्रत्येक वेळी जागा काढली जाते. सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत 2006 मध्ये मांडलेली ही पद्धत मला आजही फार सुंदर वाटते, पण तिची एक अट आहे: डिस्कची यादी बदलली की काही डेटापुरते उत्तर बदलते आणि तो डेटा हलवावाच लागतो. आमच्याकडे चार सर्व्हरमध्ये 8 टेराबाइटच्या 48 डिस्क होत्या, आम्ही 12 डिस्कचा पाचवा सर्व्हर जोडला; म्हणजे 60 पैकी 12, एकूण डेटाच्या पाचव्या हिश्श्याला, सुमारे 58 टेराबाइटला, नवी जागा मिळाली. दुकान उघडे ठेवून पाचवा हिस्सा माल नव्या मांडणीवर न्यायचा, तसे हे काम आहे. ते ग्राहकाला जाणवू न देणे हीच आमची जबाबदारी होती आणि तिथेच आम्ही कमी पडलो.

नेमके कुठे, तेही सांगतो. पूर्वी अशा वेळी आम्ही ‘ओएसडी मॅक्स बॅकफिल्स’ ही मर्यादा 1 वर आणून ठेवत असू, म्हणजे एका डिस्कवर एका वेळी एकच हलवाहलव चाले. या वेळीही तेच केले आणि निर्धास्त झालो. परंतु सेफच्या 2022 मधील ‘क्विन्सी’ आवृत्तीपासून ‘एमक्लॉक’ हा नियोजक, म्हणजे डिस्कवर कोणते काम किती करायचे ते ठरवणारा भाग, आपोआप लागू असतो आणि त्याला वेगळी परवानगी दिल्याशिवाय तो ही मर्यादा जुमानत नाही. शिवाय तो प्रत्येक डिस्कची क्षमता स्वतः मोजतो. नव्या डिस्कची क्षमता त्याने सेकंदाला साडेचारशे कामांच्या आसपास धरली होती. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क विखुरलेल्या वाचनात सेकंदाला जेमतेम शे-दीडशे कामे उरकते. डिस्क अजून मोकळी आहे असे समजून तो हलवाहलवीचे काम ओतत राहिला, आणि अल्बमचे पान उघडताना लागणारी लहान लहान वाचने त्या रांगेत अडकली. सोमवारी सकाळी हे लक्षात आल्यावर आम्ही क्षमतेचे आकडे हाताने दुरुस्त केले आणि ग्राहकांच्या कामाला प्राधान्य देणारी मांडणी लावली. दुपारपर्यंत फोटो पूर्ववत उघडू लागले; उरलेले काम गुरुवारपर्यंत संथपणे चालले आणि आपल्याला ते कळलेही नसावे.

‘नोबॅकफिल’ हे निशाण लावले की हे काम थांबते आणि काढले की पुढे सुरू होते. शनिवार-रविवार ते लावून ठेवले असते तर डेटाचे काहीही बिघडले नसते. मदत विभागातील सहकाऱ्याला हे माहीत नव्हते, आणि त्याला ते शिकवले नव्हते ही चूक माझी आहे, त्याची नव्हे.

त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. त्या गुरुवारी एका डिस्कने 85 टक्क्यांची इशारारेषा ओलांडली. सगळ्यांची सरासरी 76 टक्केच होती, पण इथे सर्वांत भरलेल्या डिस्कचेच चालते: मूळ मांडणीप्रमाणे 90 टक्क्यांना त्या डिस्ककडे डेटा सरकवणे थांबते आणि 95 टक्क्यांना लेखनच बंद पडते. तुळशीचे लग्न झाले की फोटोंचा ओघ वाढतो हे आम्हाला दरवर्षी दिसते. डिस्क पावसाळ्यातच जोडायला हव्या होत्या. मी खरेदी पुढे ढकलली आणि घाईत शुक्रवारची रात्र निवडली.

यापुढे सरासरी 65 टक्के झाली की खरेदी होईल. नव्या डिस्क जोडताना आधी ‘नोबॅकफिल’चे निशाण लावून, सर्व डेटा जुन्याच जागी नोंदवून ठेवला जाईल. युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेच्या अभियंत्यांनी यासाठी लिहिलेले साधन सर्वांना खुले आहे. त्यानंतर रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेतच, एका वेळी जास्तीत जास्त एक टक्का डेटा हलायला घेतला जाईल; सेफची मूळ मर्यादा पाच टक्क्यांची असते. काम लांबेल, पण चालेल. किमान सात दिवस आधी आपल्याला ईमेल आणि संदेश येईल आणि त्या रात्री फोनवर यंत्रणा जाणणारी व्यक्ती असेल.

त्या महिन्याचे आपले पूर्ण शुल्क पुढील बिलात वजा केले आहे; त्यासाठी अर्ज करण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र आपल्याकडून हवी आहे. त्या शनिवारी तुटलेल्या दोन व्हिडिओंचे अर्धवट तुकडे अजून आपल्या खात्यात पडून आहेत आणि त्यांची जागा आपल्या वापरात मोजली जात आहे. आपल्याकडे मूळ व्हिडिओ सुरक्षित आहेत याची खात्री करून आम्हाला कळवावे, म्हणजे ते तुकडे त्याच दिवशी काढून टाकता येतील.