गोळी घेतली म्हणून धूर चालतो का?

डिसेंबरातली सकाळ. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून मैदानापलीकडच्या इमारती पुसट दिसत होत्या. विलास फेरी मारून धापा टाकत आला, तोंडाला मास्क नाही.

"हृदयाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला दोन स्टेंट बसवलेत तुला, आणि या हवेत चालतोस?" सुधीर चिडलाच.

"रोज इकोस्प्रिन ७५ घेतो मी, ॲस्पिरिनचीच गोळी ती. ॲस्पिरिनने प्रदूषण बाधत नाही. मोबाईलवर आलंय, अमेरिकेतलं संशोधन आहे."

ते मी वाचलं होतं, म्हणून मध्ये पडलो. २०१९ सालचं, बॉस्टन परिसरातल्या २,२८० माजी सैनिकांवरचं. प्रदूषण वाढलं की फुंकर मारायच्या चाचणीत जी घट होते, ती ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत जवळपास निम्मीच दिसली. "पण विलास, ती फुप्फुसाची चाचणी. हार्ट अटॅक टळले असं त्यात कुठेही नाही."

"म्हणजे गोळी बंद करू?"

"अजिबात नाही!" मी आणि सुधीर एकदमच ओरडलो. स्टेंट असताना मनानेच ॲस्पिरिन सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, गुठळी टळते, ते काम तिने करायलाच हवं. पण पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिबारीक कण आत गेले की सूज येते, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. ते सगळं एका गोळीने थोडंच थांबतं?

रमेशला वेगळीच काळजी. "मला हृदयाचं काही नाही, पण हवा अशी, मीही गोळी चालू करतो ना."

अडुसष्ट वर्षांचा माणूस! २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९ हजारांहून जास्त धडधाकट वृद्धांवरच्या अभ्यासात रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार कमी झाले नाहीत, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. रमेशला हे पटलं नाही, तो घरी जाऊन वाचणार आहे.

"कोटिंगवाली घेतली की पोटाला धोका नाही," विलासने खिशातून पट्टी काढली. गोळी इवलीशी, गुळगुळीत. ते आवरण जठरात टिकून पुढे आतड्यात विरघळतं. पण औषध रक्तात गेल्यावरही पोटाचं संरक्षण कमी करतंच, त्यामुळे काळी शी झाली, म्हणजे पोटात रक्तस्राव होत असल्याची शंका आली, तर कोटिंगवर विसंबू नये. आणि खरी अडचण वेगळी आहे. छातीत कळ आली तर ही गोळी अख्खी गिळून उपयोग नाही, असर व्हायला उशीर होतो. आधी १०८ लावायचा, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर साधी ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायची. घरात कोटिंगवालीच असेल, तर तीच चावायची. गिळायची नाही, चावायची. हे मी विलासच्या बायकोलाही सांगून ठेवलंय.

"आणि धुरासाठी?"

बीजिंगमध्ये ९८ हृदयरुग्णांना मास्क लावून आणि मास्कशिवाय दोन तास चालायला लावलं होतं. मास्क असताना बीपी थोडं कमी राहिलं, ईसीजीतला ताणही कमी दिसला. २०१२ सालचा हा अभ्यास लहान आहे, पण आपल्या विलाससारख्याच माणसांवरचा.

सुधीरने पिशवीतून कोरा एन-९५ काढून विलासच्या हातात ठेवला. "नाकावरची पट्टी दाब. दम लागला तर काढ आणि बस. आणि उद्यापासून ऊन चढल्यावर ये, तोवर हवा जरा वर उठते."

विलासने दोन्ही बोटांनी पट्टी दाबली.

"अजून दाब," सुधीर म्हणाला, "चष्म्यावर वाफ येतेय तुझ्या."