खुलासा : काशीचे ८४ घाट आणि अहिल्याबाई

'काशीचे ८४ही घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधले, आणि रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आईच्या शापानं कललं' असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधानं चूक आहेत.

अहिल्याबाईंनी १७८०मध्ये विश्वनाथाचं आजचं मंदिर उभारलं. मणिकर्णिकेचा जीर्णोद्धार आणि अहिल्या घाट हेही त्यांचंच काम. एवढं श्रेय पुरेसं आहे; त्यात दुसऱ्यांचं काम मिसळायची गरज नाही. भोसले घाट नागपूरकरांचा. मुन्शी घाट नागपूरच्याच दरबारातले श्रीधर नारायण मुन्शी यांचा. त्याचा काही भाग पुढे दरभंगा घाट झाला. मान मंदिर आमेरच्या मानसिंहाचं, त्याच्या गच्चीवरची वेधशाळा सवाई जयसिंहाची. चुनारच्या दगडातले बहुतेक पक्के घाट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. तीर्थ प्राचीन, पायऱ्या तुलनेनं अलीकडच्या.

आता कललेलं देऊळ. ते शिंदे घाटाला लागून, अगदी पाण्यालगत आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला तो घाटही स्वतःच्या वजनानं खचला होता. काशीचा घाटांचा काठ वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे प्रवाह तिथेच पायाखालची माती ओढतो. पूर ओसरताना नदी झपाट्यानं उतरते, पण पायऱ्यांमागच्या मातीत मुरलेलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. ते दगडांना मागून रेटतं. पाणी निघायला वाट नसेल तर भिंत फुगते, सांधे उघडतात. अशा जमिनीवर जड शिखराचं देऊळ कललं, तर त्यात शापाचा काय संबंध? पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो, पूर ओसरल्यावर आधी गाळ उपसावा लागतो.