आबांच्या नावाची कमान नको

कार्तिकात आमच्या आजोबांना, आबांना, जाऊन वर्ष होईल. त्या निमित्ताने गावात शिरतानाच्या रस्त्यावर त्यांच्या नावाची कमान उभारायची, असं भावकीच्या ग्रुपवर जवळजवळ ठरलंय. निम्मी वर्गणी जमलीसुद्धा. मी नको म्हटलं, तेव्हा दोघा दादांना फार लागलं. माझं आबांवर प्रेम कमी आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं गाव दापोली तालुक्यात. आबा सतराव्या वर्षी मुंबईला गेले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. राहायला लालबागला गावकीची खोली. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि कपडे टांगायला एक खिळा. रातपाळीचा माणूस आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. खोलीचा हिशेब आबांकडे असे. गावाहून नवीन पोरगा आला की पहिला पगार होईपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही, हा नियम त्यांनी लावला आणि शेवटपर्यंत पाळला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं, मनीऑर्डरीचे फॉर्म तेच भरत. त्याच पगारात दोन बहिणींची लग्नं केली, आमच्या बाबांना आणि काकांना शिकवलं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, त्यातले आबा एक. वर्षभर वाट पाहिली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी गावी परत आले. त्या दिवसांबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. आजी एवढंच सांगायची, की आल्यावर आठवडाभर ते नुसते पऱ्याकाठी, म्हणजे वाडीखालच्या ओढ्याकाठी, जाऊन बसत.

आणि मग त्यांनी बंधारा धरला.

कोकणाबाहेरच्यांना पटत नाही, पण आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो. जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही, उतारावरून सरळ खाडीला जातं. आबा म्हणायचे, "पानी आपल्या दारावरना जाता आनि आपन त्याला बस पन म्हनत नाय!" दिवाळी झाली, पऱ्याचा जोर ओसरला, की एका रविवारी सगळी वाडी खाली उतरायची. दगडांच्या दोन रांगा, मधे चोपून भरलेली माती आणि पेंढा, वरून वाळू भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. दुपारपर्यंत पाणी तुंबायला लागे. त्या पाण्यावर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, भाजी व्हायची, आगरातलं, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतलं, शिंपणं चालायचं आणि खालच्या विहिरीचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकायचं. पहिल्या मोठ्या पावसात बंधारा वाहून जायचा. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटे. आबांना अजिबात वाटत नसे. तो दरवर्षी घालायचा असतो, म्हणून तर वाडी दरवर्षी एकत्र येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोण आलं, कुणी पिशव्या दिल्या, कुणाकडचं जेवण, याची एक वही होती. माझं अक्षर बरं म्हणून सुट्टीत ती माझ्याकडे असायची. आजारी माणसाच्या घरचं कुणी आलं नाही तरी आबा त्या घराचं नाव लिहायला लावत. मी विचारलं तर म्हणाले, "पानी त्यांच्यापन विहिरीत जानार ना गो?"

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमचं आगर आडवं झालं. पोफळी काडीसारख्या मोडल्या. आबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. पंचनाम्यासाठी त्यांनी काठी टेकत घरोघर जाऊन पडलेले माड, पोफळी मोजल्या, लिहून घेतल्या. आमच्या आगराची मोजणी सर्वांत शेवटी केली. त्याबद्दल काका तेव्हा रागावले होते, मीसुद्धा. आता तो राग आठवला की मन खात राहतं.

गेली दोन वर्षं बंधारा झालेला नाही. आबा अंथरुणाला खिळले आणि हाक मारणारं कुणी उरलं नाही. दादा म्हणतो, आता नळ आलाय, बंधारा कशाला? अरे दादा, नळाला पाणी येतं ते त्याच पऱ्याकाठच्या विहिरीतून! यंदा एप्रिलअखेर तिचा तळ दिसला आणि आजीच्या वयाच्या बायका पुन्हा कळशा घेऊन टँकरमागे उभ्या राहिल्या. ज्या माणसाने हे चाळीस वर्षं होऊ दिलं नाही, त्याचं नाव त्या टँकरच्या वाटेवर रंगवून लावायचं? मला ते सहन होणार नाही.

जमलेली वर्गणी विहिरीचा गाळ काढायला द्या, उरलेली परत करा. आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी गावी या. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालात तरी सकाळी पोचाल. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मी दापोलीहून गोळा करून आणते, शंभर तरी लागतील. कुदळी घरात चार आहेत, आणखी कुणाकडे असतील तर कळवा. वहिनी, तुम्ही मुलांना नक्की आणा. काकू म्हणाली, सगळ्यांना कुळथाची पिठी, भात आणि सुकट मी करते. वही माझ्याजवळ आहे.