अकरा कोर्स झाले, भात कुठाय?

परवा आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा १४,३८५ रुपयांचं जेवून उपाशी घरी आले. उपाशी म्हणजे खरंच उपाशी, रात्री एक वाजता ठाण्याच्या घरात लाइट लावून डबे उचकणारी उपाशी. दोन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय, आणि ज्यांना "तुम्हाला फाइन डायनिंग कळत नाही" असं म्हणायचंय त्यांनी आधी सगळं वाचा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

जागा लोअर परळला, गिरणीच्या जुन्या कंपाउंडमध्ये. नाव सांगत नाही. जपानी, थाय, कोरियन वगैरे चवी आणि फ्रेंच पद्धतीचं कुकिंग असं सगळं एकत्र, अकरा कोर्सचा टेस्टिंग मेनू, माणशी साडेसहा हजार. तुम्ही फक्त व्हेज की नॉनव्हेज एवढंच सांगायचं, बाकी काय आणि किती खायचं ते शेफ ठरवणार. माणशी दोन हजार बुकिंगलाच भरून घेतात, नाही गेलात तर गेले. माझा नवरा शाकाहारी, म्हणजे केक बिनअंड्याचा आहे ना हे दोनदा विचारणारा शाकाहारी, आणि मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे फोनवर तीन वेळा सांगून ठेवलं होतं की एक पूर्ण व्हेज, मासा नाही, अंडं नाही. "अॅब्सोल्युटली मॅम." तिन्ही वेळा अॅब्सोल्युटली.

साडेआठचं टेबल. पहिला घास नऊ पाचला. तोपर्यंत पाणी कुठलं ते विचारून झालं, स्टिल की स्पार्कलिंग, साधं पाणी म्हटलं की तो मुलगा असा बघतो जणू मी विहिरीचं मागितलंय. साडेतीनशे रुपयाची एक बाटली, अशा दोन झाल्या. मग वाइन पेअरिंग, म्हणजे पदार्थाला साजेशी वाइन, ते नको म्हटलं तर बिनदारूचं पेअरिंग, २,८०० रुपये, म्हणजे सरबतं. तेही नको म्हटल्यावर टेबलावरचे चार ग्लास असे मुकाट्याने उचलून नेले की आजूबाजूच्यांना बरोब्बर कळलं.

पहिला कोर्स आला दगडावर. शब्दशः दगड. नदीतल्या गोट्यांनी भरलेलं भांडं आणि त्यातल्या दोन गोट्यांवर दोन नखाएवढ्या कुरकुरीत चकत्या, त्यावर काहीतरी हिरवं. "शेफ इन्व्हाइट्स यू टु ईट धिस विथ युअर हँड्स." अहो, आम्हाला हाताने जेवायचं आमंत्रण?? कोकणात माझ्या सात पिढ्या हाताने जेवल्यात, कोणी इन्व्हाइट केलं नव्हतं! आणि वर सूचना, दगड खायचे नाहीत. बरं झालं सांगितलंत.

आणि मग ते भाषण. प्रत्येक कोर्सला भाषण. शेफ बँकॉकला गेले होते तेव्हा एका गल्लीत पाऊस पडत होता, शेफच्या आजीच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, शेफला लहानपणी ताप आला की पेज द्यायचे त्याची ही आठवण. आम्ही नवराबायको वीस वर्षांनी पहिल्यांदा पोरीला घरी ठेवून निवांत बोलायला आलोय, नवरा कधी नव्हे तो काहीतरी सांगायला लागतो, की हा मुलगा पाठीमागे हात बांधून हजर. बोलणं थांबवा, माना डोलवा, वॉव म्हणा, एका घासात गिळा, ताटली गेली, परत बोलायला सुरुवात करा, की पुढची आजी आली. अकरा वेळा. नवरा बुकिंगच्या आधीपासून मनात ठेवून होता ती गोष्ट शेवटी त्याने मला कॅबमध्ये सांगितली.

तिसऱ्या कोर्सला टोफू, त्यावर त्याने किटलीतून पारदर्शक पाणी ओतलं आणि म्हणाला "दाशी". माझी लेक गेली तीन वर्षं जपानी कार्टून बघून घरी रामेन करते त्यामुळे मला एवढं माहीत आहे की साधी दाशी म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, आणि कात्सुओबुशी म्हणजे धुरावून वाळवून लाकडाएवढा कडक केलेला कुपा जातीचा मासा, त्याच्या किसाचा अर्क. मी नवऱ्याचा चमचा हवेतच धरला. म्हटलं यात मासा आहे का? तो आत गेला, आला, म्हणाला, "मॅम इट्स जस्ट फ्लेक्स. नो फिश पीसेस." मेल्यांनो! पीस नाहीत म्हणजे व्हेज? मग सुक्या जवळ्याची चटणी पण व्हेजच म्हणायची की! आणि चीड जास्त याची येते की बिनमाशाची दाशी करायला काही विशेष लागत नाही, जपानमधल्या बौद्ध मठांमध्ये भिक्षू शाकाहारीच जेवतात, ते कोंबू आणि वाळलेल्या शिताके मश्रूमची दाशी करतात, शेकडो वर्षांपासून. ज्याने जपानच्या नावावर साडेसहा हजार लावलेत त्याच्या किचनला हे माहीत नसावं? की माहीत आहे पण एका माणसासाठी वेगळं पातेलं कोण ठेवणार? बदली पदार्थ पंचवीस मिनिटांनी आला. काकडी होती. छान कापली होती, खोटं नाही बोलणार.

माझ्या ताटात तेवढ्या वेळात होक्काइडोचा स्कॅलप. एक शिंपला, आडवा चिरून अर्धा. जपानहून विमानाने आलाय हे दोनदा सांगितलं. ससून डॉक तिथून पाऊण तासावर आहे हो! पहाटे पाचला जा, समुद्र ओतलेला असतो जमिनीवर. पण नाही, आपल्याकडचा मासा आला तो एकदाच, बोंबील, आणि तोही कात्सू म्हणून ब्रेडक्रम्समध्ये लपेटून, बाजूला कोकमचा फेस. फेस. सोलकढी पितात रे बाळांनो, ती साबणासारखी चाटत नाहीत.

चव वाईट होती का? नाही ना, तोच तर वैताग आहे. सहावा कोर्स म्हणजे सावरडो पावाचा एक तुकडा आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, घातलेलं लोणी. आई शप्पथ सांगते, तो पाव बाहेरून कडक, आतून ओला, आंबूस, आणि ते लोणी खारट-गोड असं की आम्ही दोघांनी बोटाने निपटलं. अख्ख्या संध्याकाळी नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला. म्हणून मी साधं विचारलं, अजून थोडा पाव मिळेल का? पैसे लावा हवं तर. आणि तो म्हणाला, "मॅम, द ब्रेड इज अ कोर्स."

मी परत विचारलं कारण मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. नाही. पाव हा कोर्स आहे, कोर्स परत येत नसतो, पुढे "जर्नी" आहे.

इथे माझं डोकं खरं फिरलं. कारण ठरलेला मेनू आम्हाला नवीन नाही. पंगतीत कोण मेनू कार्ड देतं? मीठ मधोमध वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आधी वरणभात तूप, मग मसालेभात, शेवटी ताकभात, सगळं ठरलेलं, क्रमाने, छोटंछोटं. टेस्टिंग मेनूच आहे की तो! पण वाढपी पाच वेळा फिरतो. नको म्हणून हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी टाकून जातो. ज्याला जे आवडलं ते त्याला पोटभर, हा त्यातला मुद्दा आहे. आणि हे काही फक्त आपलं कौतुक नाही. फ्रेंच शेफ लोकांनी १९६०-७० च्या सुमारास जपानला जाऊन काइसेकी, म्हणजे तिथलं अनेक कोर्सचं पारंपरिक जेवण, बघितलं आणि त्यातून छोट्या ताटल्या एकामागून एक आणायची ही फॅशन पुष्कळशी आली. तर त्या काइसेकीत शेवटाकडे काय येतं? भात! भात, मिसो सूप आणि लोणचं. मातीच्या भांड्यातला गरम भात, बऱ्याच ठिकाणी परत मागता येतो, उरला तर त्याचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बांधून हातात देतात. आणि फ्रान्समध्ये साध्या हॉटेलात पावाची टोपली फुकट असते, संपली की भरून आणतात. म्हणजे बघा, आशिया आणि युरोप जोडायला निघालेल्या या लोकांनी एकाकडचा परत मिळणारा भात गाळला, दुसऱ्याकडचा परत मिळणारा पाव मोजून एक तुकडा केला, आणि उरलं त्याला फ्युजन म्हणतात!

फ्युजनचं मला वावडं नाही, उलट. आपण फ्युजनच खातो. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला, मिरची आणली, त्यांच्या वाइन-लसणातल्या डुकराच्या मांसाचं गोव्यात व्हिनेगर-मसाल्याचं विंदालू झालं, आणि तेच पोर्तुगीज नागासाकीला जाऊन तळणीची जी पद्धत देऊन आले त्याचं जपान्यांनी टेम्पुरा केलं. चिकन मांचुरियन तर इथेच, मुंबईत, नेल्सन वाँगनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लबच्या किचनमध्ये काढलं, आणि आता ते चौपाटीपासून चंद्रपूरपर्यंत गाडीवर मिळतं. हे सगळं लोक मनापासून परत परत मागून खातात म्हणून टिकलं ना.

आणि सगळं कोमट. हे कोणी बोलत का नाही? चिमट्याने एकेक पान लावत बसले की गरम कुठून राहणार, त्यात ताटल्या थंडगार मातीच्या. आठवा कोर्स म्हणजे नूडल्स, तीन दोऱ्या, कोमट. अहो सूप-नूडल्सला वाफ नको? नाक वाहिलं पाहिजे. मटण अठ्ठेचाळीस तास शिजवलेलं, मऊ होतं, कोमट होतं, काड्यापेटीएवढं होतं. नवऱ्याला त्या जागी भोपळा, तोही म्हणे अठ्ठेचाळीस तास. भोपळ्याला दोन दिवस काय करत होते देव जाणे.

डेझर्ट दोन, एक काळ्या तिळाचं आइस्क्रीम, बरं होतं, एक धुराने भरलेला काचेचा घुमट, उघडला की खोकला.

पावणेबारा. बिल. १३,००० जेवणाचे, ७०० पाण्याचे, १,३७० सर्व्हिस चार्ज, त्या सगळ्यावर जीएसटी, मिळून १५,८२३ रुपये पन्नास पैसे. पन्नास पैसे! मी म्हटलं सर्व्हिस चार्ज काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्येच सांगितलंय की हा आपोआप लावायचा नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. मॅनेजर आला, कोट घालून. "मॅम, इट गोज टु द टीम." म्हटलं टीमला मी माझ्या हाताने देते, तुम्ही काढा. दहा मिनिटं "सिस्टीम" चालू होती, मग निघाला. मी काही फार शूर नाही, उपाशी होते.

आणि मग नवरा, जो सगळ्या संध्याकाळी काकडीवर सुद्धा एक शब्द बोलला नव्हता, त्याने कार्ड मशीन घेऊन आलेल्या त्या मुलाकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "काय रे, भात नसतो का तुमच्याकडे?"

तो मुलगा तीन तास आमच्याशी इंग्लिश फाडत होता. इकडेतिकडे बघितलं, मॅनेजर लांब होता, आणि खाली वाकून म्हणाला, "काका, असतो ना. स्टाफला. साडेपाचला डाळ-भात झाला आमचा." चिपळूणचा निघाला पोरगा! तीन तास माझ्यासमोर दाशी-दाशी करत होता तो चिपळूणचा! त्याला तरी काय बोलणार, मराठीत बोललात तर वातावरण बिघडतं म्हणून ताकीद असते म्हणाला. पाचशे रुपये त्याच्या हातात दिले, "काकू नको" म्हणत घेतले.

काल ईमेल आलाय. आमची "जर्नी" कशी होती, एक ते पाच स्टार द्या. प्लेटिंगला किती, अॅम्बियन्सला किती, "शेफच्या गोष्टी तुमच्यापर्यंत पोचल्या का" त्याला किती. सगळं खालपर्यंत स्क्रोल केलं, पोट भरलं का हा प्रश्न कुठेच नाही. माझ्या नणंदेने पुढच्या महिन्यात तिथेच टेबल घेतलंय, पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत. काल तिचा फोन, वहिनी, काय घालून जाऊ गं?

म्हटलं काहीही घाल, जेवून जा.